तुमचं डाएट शिजवतं कोण?

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधलंत तर माझे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले अजूनही सापडतील. डावीकडचा जानेवारी २०२३चा. वजन ९१ किलो, टी-शर्ट पोटावर ताणलेला, फोटो काढून घ्यायची इच्छा नाही हे चेहऱ्यावर स्पष्ट. उजवीकडचा एप्रिलचा. वजन ७८ किलो, गालफडं बसलेली, हातात स्मार्टवॉचचा खोका. कंपनीनं ठेवलेल्या बारा आठवड्यांच्या ‘वेट लॉस चॅलेंज’मध्ये मी पहिला आलो होतो. फोटोखाली शंभरेक अंगठे आणि आगीची चिन्हं आहेत. एचआरनं सगळ्यांना माझ्याबद्दल चार ओळींचा मेल पाठवला होता, त्यात ‘विलपॉवर’ हा शब्द दोनदा होता.

तिसरा फोटो त्या ग्रुपवर नाही. असता तर तो डिसेंबर २०२३चा असता आणि त्यात मी ९४ किलोंचा असतो. बारा आठवड्यांत तेरा किलो घालवायचे आणि आठ महिन्यांत सोळा कमवायचे, यात मी काही जगावेगळं केलेलं नाही. तुमच्या ओळखीत असे चार जण तरी असतील. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. माझं भांडण त्या न काढलेल्या तिसऱ्या फोटोवरून आहे. आणि त्याहून जास्त, तिन्ही फोटोंच्या बाहेर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसावरून आहे.

आधी तिसऱ्या फोटोचं बघू.

वजन परत आलं की आपण पहिला आरोप स्वतःवर करतो. मीही केला. ‘माझ्यात कंट्रोलच नाही’ हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा म्हटलं की ते मला पाठ झालं. पण कंट्रोलबद्दल विज्ञान काय सांगतं ते बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना नेहमीच्या जेवणाच्या जवळपास निम्मं जेवण दिलं. सगळे स्वेच्छेनं आलेले, तत्त्वासाठी कष्ट सोसायला तयार असलेले तरुण होते. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. पण त्याबरोबर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, स्वप्नातही जेवायचे. प्रयोग संपल्यावर कित्येकांना भरपेट खाऊनही पोट भरल्यासारखं वाटेना.

दुसरा पुरावा अगदी आपल्या काळातला आहे. ‘द बिगेस्ट लूजर’ हा वजन उतरवण्याचा अमेरिकन रिॲलिटी शो. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. १४ पैकी १३ जणांचं वजन पुन्हा वाढलं होतं. आणखी वाईट म्हणजे, त्यांच्या आकाराच्या माणसाचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करेल, त्यापेक्षा त्यांची शरीरं रोज सरासरी ५०० कॅलरी कमी खर्च करत होती. शरीरानं दुष्काळ पडलाय असं धरून खर्च आवरला होता आणि सहा वर्षांनीही तो हात सैल केला नव्हता.

आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडलं की काहीतरी जोडगाठ करून सिस्टिम चालू करायची. सकाळी सगळे टाळ्या वाजवतात. मूळ दोष तिथंच असतो आणि महिन्याभरानं व्याजासकट परत येतो. असला कोड लिहिणाऱ्याला आम्ही रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. शरीराच्या बाबतीत मात्र त्यालाच स्मार्टवॉच देतो.

मग योग्य डाएट कोणतं? इथं महाराष्ट्रात लगेच दोन पक्ष पडतात. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा’. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं ‘थोड्या थोड्या वेळानं, आपलं स्थानिक खा, तुपाला घाबरू नका’. २०१८च्या आसपास या वादानं मराठी घरांत जेवढी भांडणं लावली तेवढी निवडणुकीनंही लावली नसतील. आमच्याकडे आप्पा पहिल्या पक्षात होते, मावशी दुसऱ्या. दिवाळीच्या फराळावर मोठा वाद झाला आणि वाद घालता घालता दोघांनीही चकल्या संपवल्या.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ माणसांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना वर्षभर कमी चरबीचं जेवण, निम्म्यांना कमी कर्बोदकांचं. वर्षाअखेरीस एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोंनी. म्हणजे दखल घ्यावी असा फरकच नाही. प्रत्येक गटाच्या आत मात्र प्रचंड फरक होता. कुणाचे तीस किलो गेले तर कुणाचे उलट दहा वाढले. बातम्यांमध्ये एवढंच आलं. पण त्या अभ्यासातली एक साधी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांना काही सूचना एकसारख्याच दिल्या होत्या: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमीत कमी ठेवा, आणि जमेल तितकं घरी शिजवलेलं खा.

घरी शिजवलेलं. हे दोन शब्द आपण सगळे किती सहज वाचून पुढं जातो! डाएटचे तक्ते करणारे, रील काढणारे, ‘आजीच्या ताटाकडे परत चला’ म्हणणारे, सगळे इथपर्यंत येतात आणि थांबतात. घरी शिजवलेलं, म्हणजे कुणी शिजवलेलं?

आमच्या घरी ते आई शिजवत होती.

आम्ही मूळचे बार्शीचे. लॉकडाऊननंतर आई-आप्पा माझ्याकडे वाकडला राहायला आले. चॅलेंजच्या त्या बारा आठवड्यांत माझा तक्ता असा होता: सकाळी चार अंडी, दुपारी दीडशे ग्रॅम पनीर आणि सॅलड, संध्याकाळी मोजून बारा बदाम, सातच्या आत परत पनीर किंवा अंडी. भाकरी, भात, फळं, सगळं बंद. माझ्या आईनं आयुष्यात अंड्याला हात लावलेला नव्हता. तिनं माझ्यासाठी एक वेगळं पातेलं घेतलं, ते सुक्या बाल्कनीत ठेवलं आणि तिथंच इंडक्शनवर रोज अंडी उकडली. आधी तोंड फिरवून, नंतर सवयीनं. आप्पांना मधुमेह, म्हणून त्यांची ज्वारीची भाकरी वेगळी. माझं पनीर वेगळं. सकाळी साडेपाचला ती उठायची आणि रात्री माझा साडेआठचा कॉल संपून मी ‘पाणी पितो फक्त’ म्हटल्यावर ओटा पुसायची. एचआरनं मेलमध्ये कौतुक केलेली विलपॉवर निम्म्याहून जास्त तिची होती. तिचं नाव त्या मेलमध्ये नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात नव्हतं.

एप्रिलनंतर माझं डाएट सुटलं. त्या डिसेंबरात आई जिना चढताना बसली ती उठेना. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. डॉक्टरांनी तिला विचारलं, “मावशी, दिवसभरात काय काय खाता?” आई म्हणाली, “सगळं खाते की.” मी शेजारी उभा होतो आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की ती काय खाते हे मला माहीत नाही. किचनमध्ये ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा मी आणला होता. स्वतःचं पनीर मी दीडशेचं एकशेसाठ होऊ दिलं नव्हतं. आणि त्याच ओट्यापाशी आई सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी, शेंगाची चटणी आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं कालवण खात होती. नंतर मी विचारलं, “तू पनीर का नाही खाल्लंस कधी?” ती म्हणाली, “आरं, ते तुझं डाएटचं होतं न्हवं?”

ही एका घराची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्याच पाहणीत सुमारे २४ टक्के बायका आणि २३ टक्के पुरुष जाड किंवा लठ्ठ भरले. म्हणजे अतिवजन आणि कुपोषण एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात आणि कधी एकाच शरीरात नांदतात. दुसरी आकडेवारी २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीची आहे. त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम केलेल्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. काम केलेल्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. संतुलित आहाराचा प्रत्येक सल्ला या २९९ मिनिटांत भर घालतो. कडधान्य आदल्या दिवशी भिजवा, मोड आणा, भाज्या चार प्रकारच्या चिरा, सॅलड ताजंच करा. सल्ला ऐकणारा एक आणि त्यासाठी उठणारी दुसरी, असा हा व्यवहार आहे.

म्हणून मला दोन्ही बाजूंचा राग येतो. परदेशी पावडरी आणि तक्ते विकणाऱ्यांचा येतो, कारण ते हॉटफिक्स विकतात. पण ‘आईच्या हातचं खा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो, कारण ते दुसऱ्याचे हात फुकट धरून चालतात. शिवाय आईच्या हातचं ताटही आपण डोळस नजरेनं बघत नाही. आपल्या ताटात चार पोळ्या, भाताचा डोंगर, पाणीदार वरण आणि कडेला चमचाभर भाजी असते. शेतात राबणाऱ्या माझ्या आजोबांना ते पुरत होतं आणि पचतही होतं. मी दिवसाचे दहा तास खुर्चीत असतो.

पुण्यातल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक गमतीदार फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. २०२४ मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यांतून नकोत. त्यांच्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. आपल्या घरात चार माणसांचं मिळून ४०० ग्रॅम भाज्यांवर भागतं. यात पावडर, पॅलिओ, कीटो कुठंच नाही. मटकी आहे, मेथी आहे, ताक आहे. फक्त ताटातली प्रमाणं उलटी करायची आहेत. ती उलटी करायला कुणीतरी रोज ओट्यापाशी उभं राहावं लागतं, एवढाच प्रश्न आहे.

तर मी उभा राहिलो. यात मोठेपणा काही नाही. आईला डॉक्टरांनी गोळ्या आणि विश्रांती दिली होती, आप्पांना चहापलीकडे काही येत नव्हतं आणि ॲपवरून महिनाभर जेवण मागवणं परवडणारं नव्हतं. आई खुर्ची टाकून किचनच्या दारात बसायची आणि सूचना द्यायची. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीचे तुकडे परातीतून तव्यापर्यंत पोचायच्या आत पडायचे. “उकळतं पाणी घाल की,” ती म्हणायची, “पीठ मळताना जीव लाव जरा.” मला भाकरी यायला दोन महिने लागले. ज्या गोष्टीला मी बावीस वर्षं ‘साधं जेवण’ म्हणत होतो, ती मला इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विषयापेक्षा अवघड गेली.

स्वयंपाक हातात आल्यावर जे कळलं ते कुठल्याच ॲपनं सांगितलं नव्हतं. पहिली गोष्ट तेल. आम्हा तिघांना महिन्याला चार लिटर तेल लागत होतं. भागाकार केला तर माणशी रोज सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे साडेतीनशेहून अधिक कॅलरी. ताटात तर ते दिसतही नाही. पोषण संस्थेच्या ताटात २७ ग्रॅम आहे. मी फोडणीला बुधली ओतायची बंद केली आणि चमचा घेतला. आता अडीच लिटर लागतं. चवीत फरक पडला का? पहिले दहा दिवस पडला, आप्पांनी तसं बोलूनही दाखवलं. नंतर विषय संपला. दुसरी गोष्ट, घरात एकच स्वयंपाक. आप्पांची ज्वारीची भाकरीच सगळ्यांची भाकरी, मोड आलेली मटकी किंवा हुलगे वाटीभर, भाजी भाकरीपेक्षा जास्त, दही रोज. भात रविवारी, आणि तो मन लावून. पुरणपोळी सणाला, कोणताही हिशेब न करता. तिसरी, आणि हा घरातला एकमेव कडक नियम: सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. आईसकट. उरलेलं कालवण ज्याला लागेल त्यानं घ्यायचं.

दीड वर्षात माझं वजन ९४ वरून ८३ वर आलं. महिन्याला सहाशे ग्रॅम. असल्या वेगावर कुठलं चॅलेंज जिंकता येत नाही आणि असला फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. कागदावर हिशेब केला तर ही रोजची साधारण दीडशे कॅलरींची बचत आहे, अर्ध्या वडापावाइतकी. माझी उंची १७२ सेंटिमीटर. म्हणजे तक्त्यानुसार मी आजही लठ्ठच आहे. पण यावेळी मला रात्री पिझ्झाची स्वप्नं पडत नाहीत, केस गळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे सोडून देण्यासारखं काही माझ्याकडे नाहीच. हे आमचं जेवण आहे. जेवण कुणी सोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुझं घर आहे, ओटा आहे, शिकवायला आई आहे. आम्ही हिंजवडीच्या पीजीत चौघं एका खोलीत राहतो, डब्यातली भाजी तेलावर तरंगते आणि खोलीत शेगडी लावली तर मालक हाकलेल. बरोबर आहे. आणि हेच तर माझं म्हणणं आहे. तुमचं वजन हा तुमच्या चारित्र्याचा दाखला नाही. ज्याच्याकडे ओटा नाही आणि वेळ नाही, त्याला इच्छाशक्तीचं भाषण देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तरीही फुटाणे, शेंगदाणे, दही, केळं, काकडी, भिजवलेली मटकी यांना शेगडी लागत नाही. दुपारच्या डब्याआधी त्यातलं काही पोटात गेलं तर संध्याकाळचा समोसा आपोआप मागे पडतो. तेवढं जरूर करा. पण त्यापलीकडचा दोष स्वतःवर घेऊ नका.

तो दोष जिथं आहे तिथं बोट ठेवा. ज्या कंपनीनं मला वजन उतरवल्याबद्दल घड्याळ दिलं, तीच कंपनी माझे कॉल रात्री साडेआठला लावते. रिलीजच्या रात्री फुकट पिझ्झा मागवते, आणि कँटीनमध्ये वडा-सांबार वीस पावलांवर व उसळ शोधूनही मिळत नाही. ‘वेलनेस’साठी पैसे आहेत, सातला घरी सोडायला नाहीत. मी आमच्या मॅनेजरना सांगून आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचे कॉल सकाळी हलवून घेतले. दोन महिने वाद घालावा लागला. माझ्या अकरा किलोंमध्ये त्या वादाचा वाटा मटकीइतकाच आहे.

एक इशारा देतो. मी डॉक्टर नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं माझं किंवा कुणाचंही ऐकून जेवणाच्या वेळा बदलू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. आईचं हिमोग्लोबिन आता ११.६ आहे, आणि ते गोळ्यांनी आणि जेवणानं मिळून चढलंय, माझ्या भाकरीच्या चमत्कारानं नाही.

पण पुढच्या वेळी कुणी तुम्हाला डाएटचा तक्ता पाठवला, तर कॅलरी बघण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे रोज कोण शिजवणार? ती व्यक्ती स्वतः काय खाणार? आणि ती भांडी कोण घासणार? तिन्हींचं उत्तर ‘आई’ किंवा ‘बायको’ असेल, तर तो तक्ता कितीही शास्त्रशुद्ध असो, तो तिच्या जिवावर चालेल आणि ती थकली की थांबेल.

काल रात्री मी हुलग्याचं माडगं केलं होतं. जरा पातळ झालं. आईनं दुसऱ्यांदा वाटी पुढं केली आणि म्हणाली, “मीठ कमी हाय, पण वाढ.”